संकटकाळचा दिवा



या व्याख्यानमालेत कालपर्यंत जे वक्ते बोलून गेले त्यांत कोणी प्राध्यापक होते, कोणी नामांकित डॉक्टर होते. मी नववीत शाळा सुटलेला माणूस. सतराव्या वर्षी कारखान्यात लागलो, पुढे कामगार संघटनेच्या कामात पडलो आणि जे काही थोडेफार शिकलो ते गेटसभांतून आणि नगरवाचनालयाच्या बाकावर बसून शिकलो. संयोजकांनी मला 'कामगार चळवळीपुढील प्रश्न' हा विषय सुचवला होता. मी त्यांना म्हटले, त्या विषयावर मी वर्षभर बोलतच असतो. यंदा मला कंदिलावर बोलू द्या. ते हसले, पण त्यांनी ते मान्य केले. त्यांनी मान्य का करावे आणि आपण तासभर का ऐकावे, याचे कारण आधी सांगतो.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, म्हसळे, मुरूड आणि पलीकडे दापोली, मंडणगड या भागांत विजेचे खांब काड्यांसारखे आडवे झाले. टाळेबंदीचे दिवस होते. परवाने काढून आमच्या संघटनेचे सहा जण धान्य, ताडपत्र्या आणि मेणबत्त्यांची खोकी घेऊन तिकडे गेलो. वादळाला तेव्हा आठवडा झाला होता. कित्येक गावांत वीज परत यायला पुढेही आठवड्यामागून आठवडे गेले. आम्ही ज्या घरी उतरलो तेथली सुपारीची वाडी भुईसपाट झाली होती. घरात चार मोबाइल आणि दोन विजेऱ्या होत्या. मोबाइल दुसऱ्या दिवशी बंद पडले, विजेऱ्या चौथ्या दिवशी. तिन्हीसांजेला घरच्या आजींनी माळ्यावरून कंदील खाली काढवला. वात हातात घेताच पिठासारखी सुटली, काचेला वरपासून खालपर्यंत तडा होता, आणि टाकीत तेलाऐवजी मुंग्यांची माती होती. मुख्य गोष्ट पुढेच आहे. त्या घरात चाळिशीच्या आतले पाच जण होते. त्यांतल्या एकालाही कंदील कसा लावतात हे ठाऊक नव्हते. शेवटी एका पोराने पितळी पणतीत रॉकेल ओतले आणि काडी ओढली. आजी ओरडल्या म्हणून अनर्थ टळला.

तेव्हा मनात आले, आपल्या आईबापांना जे ज्ञान न शिकता येत होते ते एका पिढीत पुसले गेले. दिवे आले ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु दिवे जातात. आणि गेले म्हणजे मनुष्य घाईने जे हाताशी येईल ते पेटवतो. आजचा विषय तो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. जुने ते सोने असे सांगायला मी उभा नाही. घरात विजेरी असेल, सूर्यप्रकाशावर भरणारा दिवा असेल, तर पहिला मान त्याचा. त्याने आग लागत नाही, धूर होत नाही. कंदील हा दुसऱ्या रांगेतला शिपाई आहे आणि मेणबत्ती तिसऱ्या. पण पहिली रांग पडली म्हणजे मागच्या रांगेला पुढे यावेच लागते, आणि तेव्हा तिला कवायत येत असली पाहिजे.

ज्योत म्हणजे काय

मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाचे नाव आपण ऐकले असेल. विजेची जनित्रे ज्या शोधावर चालतात तो शोध त्यांचा. ते एका लोहाराचे पुत्र. चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवार म्हणून राहिले आणि बांधायला येणारी पुस्तके वाचून शिकले. १८१२ साली त्यांनी सर हंफ्रे डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे नीट बांधून डेव्हींना पाठवली आणि पुढल्या वर्षी त्यांच्याच प्रयोगशाळेत चाकरीस लागले. व्याख्याने ऐकून मनुष्य कोठवर जाऊ शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. या फॅरडेंनी पुढे, १८६०-६१ च्या नाताळात, लंडनमध्ये मुलांसमोर सहा व्याख्याने दिली, आणि त्यांचा सगळा विषय एकच होता: मेणबत्ती. त्यांचे पुस्तकही झाले. मी ते प्रथम वाचले तेव्हा तिशीत होतो. रोज रात्री पाहिलेली वस्तू आपण कधी पाहिलीच नव्हती, असे मला वाटले.

मेणबत्तीत जळते काय? आपण म्हणू, वात जळते किंवा मेण जळते. दोन्ही अर्धवट खरे. घट्ट मेणाला काडी लावून पाहा, ते वितळेल पण पेटणार नाही. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवती मेणाचे छोटे तळे होते. ते पातळ मेण वातीच्या धाग्यांतून वर चढते, टिपकागदावर शाई चढते तसे. वर गेल्यावर त्याची वाफ होते, आणि ही वाफ हवेशी मिळून जळते. मेणबत्ती विझवल्याबरोबर वर जी पांढरी रेघ उठते ती मेणाची वाफच. त्या रेघेला वरून काडी लावली तर आग रेघेवरून खाली धावत येऊन वात पुन्हा पेटवते.

दिव्यासंबंधीचे सर्व नियम यातून निघतात. जळते ती वाफ. म्हणून कोणते तेल किती उष्णतेला वाफ सोडते, हा पहिला प्रश्न. गोडे तेल किंवा खोबरेल पेट घेण्याजोगी वाफ सोडायला दोनशे अंश सेल्सिअसच्याही वर तापावे लागते. म्हणून समई किंवा पणती कलंडली तर सांडलेले तेल सहसा भडकत नाही. रॉकेलला पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपासची उष्णता पुरते. आमच्याकडच्या वैशाखात उन्हात ठेवलेला डबा तेवढा सहज तापतो. आणि पेट्रोलला शून्याखाली चाळीस अंशसुद्धा पुरतात, म्हणजे ते सदासर्वदा तयारच असते. आता पणतीत रॉकेल ओतणाऱ्या त्या पोरावर आजी का ओरडल्या ते ध्यानात येईल. पणतीचे तोंड उघडे. तापलेल्या रॉकेलची वाफ सगळ्या पृष्ठभागावर पेटते, आणि वातीच्या जागी पणतीच जळू लागते.

उलट, कंदिलात खोबरेल का चालत नाही? ते दाट असते. टाकीच्या तळापासून वीतभर वातीतून ते चढत नाही. वात कोरडी पडून जळते. म्हणून गोड्या तेलाच्या दिव्यात ज्योत तेलाच्या काठाशीच बसवलेली असते. प्रत्येक तेलाचे घर निराळे असते, आणि एकाच्या घरात दुसऱ्याला राहायला पाठवू नये.

दुसरा प्रश्न हवेचा. मेणबत्तीची एक ज्योत सुमारे ऐंशी वॅट उष्णता देते. स्वस्थ बसलेला मनुष्य सुमारे शंभर. दोघेही इंधन आणि प्राणवायू यांवर जगतात, दोघेही कर्बद्विप्राणिद वायू बाहेर सोडतात. म्हणजे हवेच्या हिशेबात मेणबत्ती म्हणजे खोलीत आलेला जवळजवळ एक माणूसच. कंदील दीड-दोन माणसांएवढा. हा हिशेब ध्यानात ठेवा. तंबूकडे वळू तेव्हा तो लागेल.

बाटलीचा दिवा

आता जे सांगतो ते सांगणे मला सोपे नाही, पण ते सोडून या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कालव्याच्या कामावर बाहेरगावचे मजूर आले होते. पाचटाच्या आणि गोणपाटाच्या झोपड्यांत राहत. रात्री साप निघत, लेकरे अंधारात रडत. आम्ही त्यांची संघटना बांधली, नऊ दिवस काम बंद ठेवले आणि ठेकेदाराशी करार केला. त्यात मजुरीची वाढ होती, पाण्याचा टँकर होता आणि एक कलम होते: प्रत्येक झोपडीस दरमहा तीन लिटर रॉकेल. करार मी स्वतःच्या हाताने लिहिला होता. त्या रात्री आम्ही गूळ वाटला.

रॉकेल आले. पण ते घालायचे कशात? मजुरांजवळ औषधाच्या रिकाम्या बाटल्या होत्या. झाकणाला भोक पाडायचे, त्यातून चिंधीची वात ओवायची, झाला दिवा. अशा चिमण्या आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिल्या असतील. बाटली उंच, बूड अरुंद, झाकण सैल, ज्योत उघडी. दोन महिन्यांनी एका झोपडीत रात्री बाटली कलंडली. गोळीसारखी घरंगळत गेली, झाकण निघाले आणि तेल अंथरुणावर पसरले. सहा वर्षांची मुलगी भाजली. आठव्या दिवशी ती गेली.

मी रागाने ठेकेदाराकडे गेलो. त्याने कपाटातून करार काढला आणि ते कलम माझ्यापुढे ठेवले. "तेल लिहिलंय, तेल दिलंय. कंदील कुठं लिहिलाय?" तो म्हणाला. माणुसकीच्या दृष्टीने त्याचे म्हणणे निलाजरे होते. परंतु अक्षर माझे होते. तेल मागताना त्या तेलाला राहायला घर लागते, हे मला सुचले नव्हते. मुलीच्या बापाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तो देता तर बरे झाले असते.

पुढे वाचनात आले की श्रीलंकेत डॉ. विजय गोडकुंबुरा नावाच्या शल्यचिकित्सकांनी नेमक्या याच दिव्याचा प्रश्न हाती घेतला होता. भाजलेली माणसे त्यांच्याकडे येत. बहुतेकांची कथा बाटली कलंडल्याची. त्यांनी काय केले? जाड काचेचा, बुटका, जड बुडाचा दिवा तयार केला. दोन बाजू चपट्या, म्हणजे पडला तरी घरंगळत नाही. झाकण धातूचे आणि आट्यांचे, म्हणजे तेल सांडत नाही. एवढेच. या कामाबद्दल १९९८ साली त्यांना आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्यात नवे विज्ञान काहीच नव्हते. दिवा पडणारच, असे धरून तो घडवला होता, एवढाच फरक.

बाटलीच्या दिव्याचा आणखी एक दोष सांगायला हवा. काच नसल्याने ज्योतीला हवा नीट मिळत नाही. अशा साध्या वातीच्या दिव्यात जळलेल्या रॉकेलाचे शेकडा सात ते नऊ भाग निव्वळ काजळी होऊन बाहेर पडतात, असे अभ्यासकांनी मोजले आहे. ती काजळी छपरावर बसते तशी छातीतही बसते.

कंदिलाची रचना

बाटलीच्या दिव्याला ज्या गोष्टी नाहीत, त्या सगळ्या ज्याला आहेत त्याचे नाव कंदील. खाली रुंद, बसकी टाकी. तिला घट्ट टोपण. त्यावर बर्नर, म्हणजे वात धरणारे तोंड आणि वात वरखाली करणारी चावी. त्याभोवती काच, काचेवर टोपी, आणि दोन्ही बाजूंनी वरून खाली येणाऱ्या दोन नळ्या.

या नळ्या कशासाठी? पुष्कळांचा समज असतो की त्यांतून तेल येते. तसे नाही. त्यांतून हवा येते. जॉन अर्विन नावाच्या अमेरिकन कारागिराने १८६० आणि १८७० या दशकांत ही युक्ती काढली. काचेतली तापलेली हवा वर जाऊन टोपीतून निघून जाते आणि तिच्या ओढीने ताजी हवा नळ्यांतून खाली बर्नरपाशी येते. अर्विनच्या पहिल्या रचनेत वर गेलेली गरम, वापरलेली हवाही थोडी नळीत परत येई. दुसऱ्या रचनेत फक्त थंड, ताजी हवा घेतली. ज्योत अधिक पांढरी आणि स्वच्छ झाली. आज आपण ज्याला वादळी कंदील म्हणतो तो बहुधा या दुसऱ्या जातीचा. त्याला वादळी का म्हणतात? वाऱ्याचा झोत आला तर तो हवा आत येण्याच्या वाटेवर आणि बाहेर जाण्याच्या वाटेवर जवळजवळ सारखाच दाब देतो. दोन्ही पारडी सारखी राहिल्याने आतली ज्योत फडफडते, पण विझत नाही.

आपल्याकडे कराडजवळच्या ओगलेवाडीस ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत गेला. परदेशी कंदिलाच्या जोडीस स्वदेशी कंदील उभा राहिला, त्या काळची ही लहान गोष्ट नव्हती. तो कारखाना आज चालू नाही. कंदील मात्र अजून जुन्या माळ्यांवर सापडतात. आपल्या घरी असेल तर भंगारात देऊ नका.

लग्नाच्या वरातीत डोक्यावर नाचणारी गॅसबत्ती ही निराळी जात. तिच्यात पंपाने हवा भरून तेलाची वाफ करतात आणि ती रेशमी जाळीवर पेटवतात. उजेड शेकडो मेणबत्त्यांचा, पण उष्णता आणि हवेची भूकही त्याच मानाने. ती मैदानाची, मदतकेंद्राच्या मांडवाची बत्ती; राहत्या खोलीची नव्हे.

कंदील वापरण्याची रीत

आता रीत सांगतो. आमच्या आया ती बोलता बोलता करीत. आपण मोजून करू.

तेल शुद्ध रॉकेलच घालावे. शिधावाटप दुकानातले निळे रॉकेल आता जवळजवळ दिसेनासे झाले आहे. बाजारात पांढरे मिळते. डबा ओळखीच्या दुकानातून, मूळ झाकणाचा घ्यावा. पेट्रोल, थिनर किंवा 'थोडेसे मिसळलेले' असे काहीही घालू नये. ज्या डब्यात पूर्वी पेट्रोल होते त्यात रॉकेल घेऊ नये. तळाशी राहिलेला पेला-अर्धा पेलासुद्धा सगळे तेल धोक्याचे करतो. आणि रॉकेल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नये. तहानलेले लेकरू रंग पाहत नाही. कोणी प्यायलेच तर ओकारी काढू नका. ओकताना तेल फुफ्फुसात जाते आणि तेच जीवावर बेतते. तडक दवाखाना गाठा.

तेल दिवसाउजेडी, घराबाहेर, थंड कंदिलात, नरसाळ्याने भरावे. काठोकाठ भरू नये. वर बोटभर जागा सोडावी, कारण तेल तापले की फुगते. टोपण घट्ट लावून बाहेरून सांडलेले पुसावे. जळता कंदील उघडून तेल घालणे म्हणजे आगीला जेवायला बोलावणे. रात्री मधेच तेल संपू नये म्हणून संध्याकाळीच भरावे. साधारण कंदिलाची भरलेली टाकी एक रात्र सुखाने काढते.

नवी वात घातली तर ती तेलात भिजायला अर्धा तास द्यावा. कोरडी वात पेटवली तर तिचे टोक जळून जाते. वातीचे टोक कात्रीने सरळ कापावे आणि दोन्ही कोपरे किंचित तिरपे छाटावेत. वेडीवाकडी वात शिंगासारखी एकीकडे जळते आणि काच काळी करते. काच आदल्या दिवशीच चुलीच्या राखेने किंवा साबणाने धुऊन कोरडी ठेवावी. ओल्या काचेला उष्णता लागली की तडा जातो.

लावताना वात थोडीच वर काढावी, काच उचलून काडी लावावी, काच खाली बसवावी आणि ज्योत लहान ठेवून पाच मिनिटे थांबावे. काच सगळीकडे सारखी तापली म्हणजे हळूहळू मोठी करावी. धूर दिसला की ज्योत फार मोठी झाली असे समजावे. उजेड वाढत नाही, काजळी वाढते. पण रात्रभर अगदी मंद ठेवणेही बरे नव्हे. अर्धवट जळलेल्या तेलाचा वास खोलीत कोंडतो.

कंदील सपाट जागी ठेवावा किंवा तारेने खिळ्याला टांगावा, दोरीने नव्हे. वर दोन हात जागा मोकळी असावी, कारण टोपीतून निघणारी हवा फार तप्त असते. पडदा, मच्छरदाणी, पाचटाचे छप्पर दूर. विझवताना चावीने वात खाली घेऊन ज्योत लहान करावी आणि मग काच किंचित उचलून हलकी फुंकर घालावी. वात इतकी खाली फिरवू नये की ती टाकीतच पडेल.

मेणबत्ती

मेणबत्तीचे कौतुक फॅरडेंकडून ऐकले. तिचे दोष आपण पाहू. ती उघडी असते, आणि माणसे तिला जेथे ठेवू नये नेमके तेथे ठेवतात: खिडकीच्या कठड्यावर, प्लास्टिकच्या डबीवर, दूरदर्शन संचावर चार थेंब सांडून चिकटवून. ती शेवटपर्यंत जळली की खालच्या वस्तूला पेटवते.

पूर्वी मेणबत्तीची वात दर थोड्या वेळाने कातरावी लागे. १८२५ च्या सुमारास कांबासेरे नावाच्या फ्रेंच गृहस्थाने वात विणण्याची तऱ्हा काढली. विणलेली वात जळताना एका बाजूस वाकते, तिचे टोक ज्योतीच्या बाहेरच्या तप्त कडेला जाते आणि आपोआप राख होते. म्हणून आजची मेणबत्ती आपण लावून विसरतो. हे विसरणेच घात करते.

उपाय साधा आहे. जाड काचेच्या रुंद बरणीत किंवा स्टीलच्या खोल भांड्यात दोन बोटे वाळू घालावी आणि मेणबत्ती तिच्यात रोवावी. काठ ज्योतीपेक्षा उंच असावा. पडली तर वाळूत पडेल, संपली तर वाळूत संपेल. प्रवासासाठी घडीचा मेणबत्तीचा कंदील मिळतो. त्यात मेणबत्ती नळीत स्प्रिंगवर बसवलेली असते, जसजशी जळते तसतशी वर येते आणि ज्योत काचेत एकाच उंचीवर राहते. मेणबत्ती किंवा कंदील, जागा माणूस शेजारी असेल तोवरच पेटती ठेवावी. झोपण्यापूर्वी विझवावी, हा नियम अपवादाशिवाय पाळावा.

तंबूत ज्योत नको

आता तरुण मंडळींसाठी. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर मुक्काम करणे, तळ्याकाठी तंबू ठोकणे, ही चांगली हौस आहे. आमच्या तरुण कामगारांचीही टोळी दर थंडीत जाते. त्यांना मी एकच सांगतो: ज्योत तंबूच्या बाहेर.

पहिले कारण आग. आजचे तंबू कृत्रिम धाग्याचे. पेटले की वितळून अंगाला चिकटतात, आणि बाहेर पडायची वाट एकच, तीही साखळीने बंद केलेली. दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. मघाचा हिशेब आठवा. दोन माणसांच्या तंबूत तुम्ही दोघे झोपलात आणि मध्ये कंदील ठेवलात, तर हवेच्या दृष्टीने तेथे चौघे आहेत. हवा कमी पडू लागली म्हणजे ज्योत पुरती जळत नाही आणि कर्ब एकप्राणिद नावाचा वायू तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यायचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, मग झोप येते. आणि झोपलेल्या माणसाला जागे करायला त्यात काहीच नसते. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत घेणे हे तर कंदिलापेक्षा कितीतरी पटीने घातक. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो.

तेव्हा कंदील तंबूपासून पाच-सहा हात दूर, दगडांच्या आळ्यात, सुके गवत उपटून ठेवावा. त्याचा उजेड कापडातून आत येतोच. आत विजेरी. घरातही हाच न्याय: कंदील पेटता असेल तेथे एक खिडकी बोटभर तरी उघडी हवी.

आपत्तीच्या वेळी

भूकंप, पूर, वादळ यांत पहिली काडी ओढण्यापूर्वी नाक वापरावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. त्याला मुद्दाम दुर्गंध दिलेला असतो तो याचसाठी. पडझड झालेल्या घरात, कलंडलेल्या सिलिंडरजवळ, किंवा पुराच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसत असता ज्योत पेटवू नये. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-पंचगंगेच्या काठी आणि २०२१ च्या जुलैत चिपळुणात सिलिंडर पाण्यावर तरंगताना लोकांनी पाहिले आहेत. तेथे विजेरीच हवी, आणि गॅसचा वास येत असेल तर तीही घराबाहेर असतानाच सुरू करून मग आत न्यावी.

तेल पेटले तर पाणी ओतू नये. पाण्यावर तरंगून तेल आग पसरवते. वाळू, माती किंवा ओले गोणपाट टाकून गुदमरवावी. कपडे पेटले तर पळू नये; जमिनीवर लोळावे, घोंगडीत गुंडाळावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नये. चिकटलेले कापड ओढू नये.

आणि साहित्य. एक खोके करावे. विजेरी आणि तिच्या वेगळ्या ठेवलेल्या बॅटऱ्या, एक कंदील, एक जास्तीची काच, हातभर वात, नरसाळे, कात्री, बरणीत वाळू आणि सहा मेणबत्त्या, मेणकागदात बांधलेली काडेपेटी. रॉकेलचा लहान डबा मात्र त्या खोक्यात नको; तो सावलीत, चुलीपासून आणि मुलांपासून दूर. खोके अंधारात हात घातला की लागेल अशा जागी ठेवावे. तहान लागल्यावर विहीर खणायची नसते, तसे दिवे गेल्यावर कंदील शोधायचा नसतो.

शेवटचा मुद्दा

फॅरडेंचे गुरू डेव्ही यांच्याबद्दल एक गोष्ट राहिली. १८१२ साली इंग्लंडात फेलिंग येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे आणि मुले मेली. खाणीतल्या ज्वालाग्राही वायूला दिव्याची ज्योत लागली होती. १८१५ साली डेव्हींनी ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवलेला दिवा काढला. जाळी उष्णता शोषून घेते आणि आतली ज्वाला बाहेरच्या वायूपर्यंत पोचत नाही. या कामात तरुण फॅरडेंचा हातभार होता. मोठा शोध होता. परंतु पुढे काय झाले? 'आता सुरक्षित दिवा आहे ना' असे म्हणून मालकांनी पूर्वी सोडून दिलेल्या, वायूने भरलेल्या जागी मजुरांना पाठवायला सुरुवात केली. हवा खेळती ठेवण्याचा खर्च वाचवला. जाळ्या फाटल्या, गंजल्या, तरी बदलल्या नाहीत. स्फोट थांबले नाहीत.

मी हे वाचले त्या दिवशी मला माझा करार आठवला. उजेड मागणे पुरेसे नाही. तो उजेड कशात राहील, तो कोण सांभाळील, आणि तो कलंडला तर काय होईल, हेही मागावे लागते. त्या कालव्यावरच्या पुढच्या करारात आम्ही लिहिले: प्रत्येक झोपडीस काचेचा एक कंदील, वर्षास दोन जास्तीच्या काचा, आणि तेल भरलेल्या मूळ डब्यातच मिळेल. ठेकेदाराने कुरकुर केली, पण सही केली. त्यानंतर आमच्या संघटनेच्या वस्त्यांसाठी केलेल्या कोणत्याही करारात दिव्याचे कलम मी एकट्याने लिहिले नाही. त्या वस्तीतल्या बायकांना शेजारी बसवून लिहिले. दिवा रोज कोण लावते, हे त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही.

आपल्या शहरात बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर, ऊसतोडीच्या कोप्यांत आजही माणसे राहतात. आपल्यापैकी कोणी बांधकाम काढले असेल, कोणी मुकादमाला ओळखत असेल. एकदा रात्री तेथे जाऊन पाहा, दिवा कसला आहे. बाटली दिसली तर विचारणा करा. आणि घरी या रविवारी माळ्यावरचा कंदील खाली काढा, मुलांना शेजारी बसवा आणि त्यांच्या हातून तो लावून घ्या. दिवे असतानाच हे शिकायचे.